सीपीएलडी प्रोग्राम करताना पंप का सुरू होतो?

मुंबईतल्या बहुतेक सोसायट्यांत पाण्याची व्यवस्था एकाच धर्तीची असते. पालिकेचं पाणी ठरावीक वेळी जमिनीखालच्या टाकीत येतं आणि तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवलं जातं. पंप कधी चालवायचा हे तीन फ्लोट स्विच सांगू शकतात: खाली पाणी आहे, वरची टाकी उतरली आहे, वरची टाकी अजून भरलेली नाही. तिन्ही अटी जमल्या की पंप सुरू. खालचं पाणी संपलं किंवा वरची टाकी भरली की बंद. मधल्या काळात जी स्थिती आहे तीच राहील.

हे ७४ मालिकेतल्या साध्या लॉजिक आयसी जोडून करता येतं. पण लॅच (स्थिती धरून ठेवणारं सर्किट), टायमर आणि स्विचचा थरथराट गाळणारे काउंटर धरले तर बोर्ड आयसींनी भरून जातो आणि एक अट बदलायची तर सोल्डरिंग गन पुन्हा हातात घ्यावी लागते. सीपीएलडी, म्हणजे आतलं लॉजिक आपण ठरवू शकतो अशा चिपमध्ये हे सगळं एकाच आयसीत मावतं. लॉजिक कॉम्प्युटरवर लिहायचं आणि एका केबलने चिपमध्ये उतरवायचं, चिप बोर्डावर सोल्डर केलेली असतानाच. ही सोय मोठी आहे, आणि बहुतेक अडचणीही तिथूनच येतात. प्रोग्राम लिहिला जात असताना भोवतालच्या सर्किटला वीज चालू असते आणि चिपच्या पिना त्या वेळी तुमच्या लॉजिकच्या ताब्यात नसतात.

पूर्वी असं नव्हतं. १९७८ मध्ये मोनोलिथिक मेमरीज कंपनीने आणलेल्या पॅल चिपांमध्ये आतले फ्यूज जाळून लॉजिक ठरायचं. एकदा जाळलं की संपलं. १९८५ मध्ये लॅटिसची गॅल चिप आली. ती विजेनेच पुसता येई, पण त्यासाठी सॉकेटमधून काढून वेगळ्या प्रोग्रामरमध्ये बसवावी लागे. १९९० मध्ये जेटॅगचं, म्हणजे चिपशी चार तारांवरून बोलण्याचं, मानक ठरलं ते खरं तर बोर्डावरचे सोल्डरचे जोड तपासण्यासाठी. त्याच चार तारांवरून पुढे चिपा प्रोग्रामही होऊ लागल्या.

आज शिकायला सोयीची चिप म्हणजे अल्टेराच्या मॅक्स २ कुळातली ईपीएम२४०. तिच्यात २४० लॉजिक एलिमेंट आहेत, म्हणजे ढोबळमानाने २४० फ्लिप-फ्लॉप (एकेक बिट लक्षात ठेवणारे घटक) आणि प्रत्येकाच्या पुढ्यात चार इनपुटचं एक छोटं लॉजिक. प्रोग्राम चिपमधल्याच फ्लॅशमध्ये राहतो, त्यामुळे वीज आल्याआल्या ती कामाला लागते. ही चिप, ५० मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर आणि १० पिनांचा बॉक्स हेडर असलेलं तयार मॉड्युल लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, शोधलं की मिळतं. सोबत यूएसबी ब्लास्टर नावाची केबल घ्यायची. सॉफ्टवेअर क्वार्टस प्राइमची लाइट आवृत्ती. ती फुकट आहे आणि मॅक्स २ चिपा तिच्यात चालतात.

सॉफ्टवेअरमधलं काम त्यामानाने सरळ आहे. नवा प्रोजेक्ट करताना फोल्डरच्या नावात मोकळी जागा किंवा देवनागरी अक्षरं ठेवू नका. कंपायलर अशा पाथवर अडतो आणि एररचा संदेश भलतंच काहीतरी सांगतो. चिप निवडताना पूर्ण नाव जुळलं पाहिजे: ईपीएम२४०टी१००सी५. व्हेरिलॉग या हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या भाषेत लॉजिक लिहा, एकदा कंपाइल करा, पिन प्लॅनरमध्ये प्रत्येक सिग्नलला पिन क्रमांक द्या आणि पुन्हा कंपाइल करा. बहुतेक मॉड्युलवर क्लॉक १२ क्रमांकाच्या पिनवर असतो. आणखी एक सेटिंग हमखास विसरलं जातं: डिव्हाइस अँड पिन ऑप्शन्समध्ये न वापरलेल्या पिना ‘इनपुट ट्राय-स्टेटेड’ करा, म्हणजे चिप त्यांना ना ० वर धरते ना १ वर, मोकळं सोडते. तिथे ‘आउटपुट ड्रायव्हिंग ग्राउंड’ राहिलं आणि त्यातली एखादी पिन बोर्डावर दुसऱ्या आयसीच्या आउटपुटला जोडलेली असली, तर दोन आउटपुट एकमेकांशी झुंजतात आणि चिप तापते.

पंपाच्या लॉजिकमध्ये विचार करण्याजोगी गोष्ट म्हणजे वेळ. टाकीत पाणी पडताना लाटा उठतात, फ्लोट वरखाली होतो, आणि स्विच काही सेकंद उघडमीट करत राहतो. म्हणून पाचेक सेकंद सलग एकच स्थिती दिसल्याशिवाय ती मानायची नाही. ५० मेगाहर्ट्झवर पाच सेकंद मोजायला २८ बिटांचा काउंटर लागतो. तीन स्विचना तीन काउंटर म्हणजे ८४ फ्लिप-फ्लॉप, एक तृतीयांशाहून जास्त चिप नुसती वाट पाहण्यात गेली. त्याऐवजी २३ बिटांचा एकच सामायिक काउंटर ठेवा. तो दर ०.१६८ सेकंदाला एक टिक देतो. मग प्रत्येक स्विचला ५ बिटांचा काउंटर पुरतो, कारण ३२ टिक म्हणजे ५.४ सेकंद. एकूण ३८ फ्लिप-फ्लॉपमध्ये काम होतं. टिक हा मात्र क्लॉक म्हणून वापरायचा नाही, एनेबल म्हणून, म्हणजे फ्लिप-फ्लॉपला बदलायची परवानगी देणारा सिग्नल म्हणून, वापरायचा. सगळे फ्लिप-फ्लॉप त्याच ५० मेगाहर्ट्झवर चालू द्या. आणि बाहेरून येणारा प्रत्येक सिग्नल आधी लागोपाठ दोन फ्लिप-फ्लॉपमधून न्या. स्विच क्लॉकच्या नेमक्या कडेवर बदलला तर पहिला फ्लिप-फ्लॉप क्षणभर अधांतरी राहू शकतो, दुसऱ्यापर्यंत तो सावरतो.

गच्चीवरून येणारी वायर थेट चिपला कधीच जोडू नका. ईपीएम२४०च्या इनपुटला ४.६ व्होल्ट ही कमाल मर्यादा आहे, ५ व्होल्टचा सिग्नलही तिला चालत नाही. फ्लोट स्विच १२ व्होल्टवर चालवा, २.२ केचा (के म्हणजे किलोओहम) रेझिस्टर लावून पीसी८१७ ऑप्टोकपलरच्या (प्रकाशातून सिग्नल पलीकडे नेणाऱ्या आयसीच्या) एलईडीतून साधारण ५ मिलिअँपिअर जाऊ द्या, आणि त्याच्या कलेक्टरला ३.३ व्होल्टपर्यंत १० केचा पुल-अप (पिन वर ओढून ठेवणारा रेझिस्टर) देऊन तिथून चिपला सिग्नल घ्या. तिन्ही स्विच असे निवडा की संपर्क जुळलेला म्हणजे परवानगी. पावसाळ्यात जोड गंजून वायर तुटली तर परवानगी जाते आणि पंप थांबतो. वायर शॉर्ट झाली तर मात्र हा उपाय वाचवत नाही, म्हणून त्याच टिकवर १४ बिटांचा आणखी एक काउंटर ठेवा: सलग ४६ मिनिटं चालला की पंप बंद. एवढं सगळं धरूनही निम्म्याहून जास्त चिप मोकळी राहते.

आता शीर्षकातला प्रश्न. चिपच्या आउटपुटवर यूएलएन२००३ ही रिले चालवणारी आयसी आणि तिच्या पुढे १२ व्होल्टचा रिले आहे, रिले पंपाच्या स्टार्टरला जोडलेला आहे. लॉजिकमध्ये ० म्हणजे पंप बंद. चाचणीत सगळं नीट चालतं. मग एक अट बदलून नवा प्रोग्राम टाकायला घेतला की प्रोग्रामिंग सुरू होताच रिले टक्कन लागतो आणि फ्लॅश पुसून, लिहून, तपासून होईपर्यंत पंप चालत राहतो.

कारण डेटाशीटमध्ये आहे. प्रोग्रामिंगच्या वेळी मॅक्स २च्या आउटपुट पिना ट्राय-स्टेट होतात आणि आतला कमजोर पुल-अप चालू होतो. ३.३ व्होल्टवर त्याची किंमत ५ ते २५ के या पट्ट्यात कुठेही असू शकते. यूएलएन२००३च्या आत डार्लिंग्टन जोडी, म्हणजे एकापुढे एक जोडलेले दोन ट्रान्झिस्टर, आहे. तिला चालू व्हायला इनपुटवर साधारण १.४ व्होल्ट आणि अगदी थोडा करंट पुरतो. पुल-अप ५ केचा धरला तर तेवढा करंट सहज मिळतो. म्हणजे कमजोर म्हटलेला हा पुल-अप रिले ओढायला पुरेसा आहे.

बहुतेक जण यावर आउटपुटला १० केचा पुल-डाउन लावतात. हिशेब करून बघा: वर ५ के, खाली १० के, मधलं व्होल्टेज २.२. यूएलएनचा स्वतःचा करंट धरला तर ते थोडं खाली येईल, पण रिले लागण्याची शक्यता उरतेच. १ के लावलं की तेच व्होल्टेज ०.५५ वर येतं आणि डार्लिंग्टन हलत नाही. नेहमीच्या कामात आउटपुट १ असताना या रेझिस्टरमधून ३.३ मिलिअँपिअर जातात, ते चिपला जड नाहीत. मोटर, व्हॉल्व्ह, हीटर असं काही चालवणाऱ्या प्रत्येक आउटपुटला हा १ केचा रेझिस्टर बोर्ड बनवतानाच द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

सॉफ्टवेअरमध्येही दोन सोयी आहेत. आयएसपी (चिप बोर्डावर असतानाच प्रोग्राम करणं) क्लॅम्प वापरून प्रोग्रामिंगच्या काळात कोणती पिन ० वर, कोणती १ वर धरायची हे आधी ठरवता येतं. रिअल-टाइम आयएसपीमध्ये जुनं लॉजिक चालूच राहतं, नवं मागच्या मागे फ्लॅशमध्ये लिहिलं जातं आणि वीज बंद करून चालू केली की लागू होतं. दोन्ही उपयोगी आहेत, पण दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी केलेल्या टिकमार्कवर अवलंबून आहेत. पुढच्या वेळी दुसरा कोणी वेगळ्या लॅपटॉपवरून प्रोग्राम करेल तेव्हा तो टिकमार्क असेलच असं नाही. रेझिस्टर बोर्डावरच राहतो. आणि हे सगळं असलं तरी प्रोग्रामिंग करताना पंपाचा एमसीबी खाली पाडून ठेवायचाच.

केबल जोडण्याचाही एक क्रम आहे. बोर्डाची वीज बंद, मग १० पिनांची एफआरसी (सपाट पट्टीसारखी) केबल, मग वीज चालू. अर्थिंग नसलेल्या एक्स्टेंशन बोर्डावर लावलेल्या लॅपटॉपचा ग्राउंड तरंगता असतो. अडॅप्टरमधल्या कपॅसिटरमुळे मल्टिमीटर त्यावर शंभरच्या आसपास एसी व्होल्टही दाखवू शकतो. बोट लावलं तर फार तर झिणझिण्या येतील, पण केबल लावताना ग्राउंडच्या आधी सिग्नलची पिन टेकली तर चिपचं इनपुट जाऊ शकतं.

जेटॅगच्या चार तारा म्हणजे टीसीके (क्लॉक), टीएमएस (अवस्था ठरवणारी), टीडीआय (चिपकडे जाणारा डेटा) आणि टीडीओ (चिपकडून येणारा डेटा). यूएसबी ब्लास्टरच्या हेडरमध्ये १ टीसीके, ३ टीडीओ, ५ टीएमएस, ९ टीडीआय, २ आणि १० ग्राउंड, आणि ४ वर बोर्डाचा ३.३ व्होल्ट. ही ४ नंबरची पिन बोर्डाला वीज पुरवत नाही. केबल तिच्यावरून बोर्डाचं व्होल्टेज ओळखते. खाच नसलेल्या बर्ग स्ट्रिपवर केबल उलटी बसली की टीसीके आणि टीडीआय थेट ग्राउंडला जातात. टीडीआय-टीडीओची अदलाबदलही करायची नाही. सीरियल पोर्टची सवय असलेले तारा उलटसुलट जोडतात. इथे नावं चिपच्या बाजूने आहेत, म्हणून केबलचा टीडीआय चिपच्या टीडीआयलाच जातो. ईपीएम२४०च्या १०० पिनांच्या पॅकेजमध्ये टीएमएस, टीडीआय, टीसीके, टीडीओ या अनुक्रमे २२ ते २५ क्रमांकाच्या पिना.

प्रोग्रामर उघडा, हार्डवेअर सेटअपमध्ये यूएसबी ब्लास्टर निवडा. तो यादीत नसेल तर दोष ड्रायव्हरचा. विंडोजमध्ये तो आपोआप बसत नाही, डिव्हाइस मॅनेजरमधून क्वार्टसच्या ‘ड्रायव्हर्स’ फोल्डरकडे बोट दाखवावं लागतं. मग फाइल न उघडता आधी ऑटो डिटेक्ट दाबा. सॉफ्टवेअर टीएमएस १ वर धरून टीसीकेचे पाच ठोके देतं. चिप कुठल्याही अवस्थेत असली तरी पाच ठोक्यांत मूळपदावर येते. मग चिप स्वतःचा ३२ बिटांचा ओळख क्रमांक टीडीओवर पाठवते. ईपीएम२४०चा क्रमांक ०२०ए१०डीडी, ईपीएम५७०चा ०२०ए२०डीडी. वरचं छापील नाव घासून पुन्हा छापलेली चिप हाती आली तरी हा क्रमांक खोटं बोलत नाही. तो बरोबर आला तर वीज, ग्राउंड आणि तारा बहुधा ठीक आहेत.

२०९०४० क्रमांकाची (जेटॅगच्या तारांवर चिपपर्यंत पोहोचता आलं नाही अशी) चूक आली तर सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल करत बसू नका. हेडरच्या ४ आणि २ पिनांमध्ये ३.३ व्होल्ट आहेत का पाहा. वीज बंद करून हेडरच्या ३ पासून चिपच्या २५ पर्यंत कंटिन्युइटी तपासा, आणि शेजारच्या पिनेशी सोल्डरचा पूल झालेला नाही हे भिंगाखाली पाहा. पिनांमधलं अंतर जेमतेम अर्धा मिलिमीटर असतं. टीएमएस आणि टीडीआयला १० केचा पुल-अप, टीसीकेला १ केचा पुल-डाउन हवा.

जास्त त्रासदायक प्रकार म्हणजे ऑटो डिटेक्ट कधी होतं कधी नाही, किंवा लिहून होतं आणि व्हेरिफाय नापास होतं. तिथे बहुधा टीसीके दोषी असतो. ब्लास्टर ६ मेगाहर्ट्झवर चालतो. वेग फार नाही, पण सिग्नलच्या कडा तीव्र असतात. फूटभर लांब सुट्या जंपर वायरवर त्या कडा परत फिरून येतात आणि चिप एका ठोक्याचे दोन मोजते. वायर १५ सेंटिमीटरच्या आत ठेवा, केबलच्या टोकाला टीसीकेमध्ये ४७ ओहमचा रेझिस्टर ओळीत घाला, आणि चिपच्या प्रत्येक व्हीसीसी पिनेजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे ना ते पाहा. एवढं करूनही सुधारलं नाही तर केबल बदलून पाहा. स्वस्त नकली ब्लास्टरमध्ये मूळ रचनेऐवजी एखादा छोटा मायक्रोकंट्रोलर असतो आणि त्यातले काही ऐन वेळी अडखळतात.

ओळख पटली की कंपाइलमधून तयार झालेली पीओएफ फाइल जोडा, ‘प्रोग्राम’ आणि ‘व्हेरिफाय’ दोन्हींवर खूण करा, स्टार्ट दाबा. प्रत्येक छोट्या बदलासाठी मात्र चिपवर लिहू नका. मॅक्स २चा फ्लॅश पुसून लिहिण्याची डेटाशीटमधली हमी फक्त १०० वेळांची आहे. झायलिंक्सच्या एक्ससी९५७२एक्सएल किंवा ॲटमेलच्या एटीएफ१५०४ला ती १०,००० आहे. म्हणून स्विचची उघडमीट, तुटलेली वायर, ४६ मिनिटांची मर्यादा हे सगळं आधी सिम्युलेटरमध्ये चालवून पाहा. तिथे काउंटरचे बिट तात्पुरते कमी करा, नाहीतर एक मिनिट सिम्युलेट करायलाही तासन् तास जातील. चिपवर लिहिण्यापूर्वी ते पुन्हा मूळ संख्येवर आणा, आणि बोर्डावर चिकटवलेल्या पट्टीवर तारीख आणि आवृत्तीचा क्रमांक लिहून ठेवा.