कॅथलिक माध्यमिक शाळांतील धर्मशिक्षण (बेळगाव सीमाभाग)

कर्नाटकातील बेळगाव (२०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी) जिल्हा व लगतचा सीमाभाग येथील कॅथलिक हायस्कुलांत कॅथलिक विद्यार्थ्यांना दिले जाणारे धर्मशिक्षण आणि शाळेच्या वर्षक्रमाला जोडलेले त्यांचे उपासनाजीवन. या नोंदीत मुख्यतः बेळगाव, खानापूर, नंदगड या मराठी-कोकणी वस्तीच्या भागाचा आणि आठवी ते दहावीच्या वर्गांचा विचार केला आहे. बेळगावात १८२० पासून काम करणाऱ्या लंडन मिशनची व तिच्या मागोमाग आलेल्या मेथडिस्टांची शैक्षणिक परंपरा प्रॉटेस्टंट असून ती स्वतंत्र विषय आहे. तेथील बायबलचा तास आणि कॅथलिक शाळेतील धर्मप्रश्नोत्तरीचा (प्रश्न व ठरलेली उत्तरे या रूपात श्रद्धेची शिकवण, कॅटेकिझम) तास यांची जुन्या लेखनात वारंवार गल्लत झालेली दिसते.

या शिक्षणाचा उगम कोठे शोधावा, याविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार तो गोव्यातून घाटावर आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांपाशी आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अशी कुटुंबे अधूनमधून वर येत राहिली असावीत. इन्क्विझिशनचा (श्रद्धेपासून ढळलेल्यांची चौकशी करून शिक्षा देणारे चर्चचे न्यायालय; गोव्यात १५६०–१८१२) धाक, दुष्काळ, रोगराई, कर आणि शेतजमिनीचा शोध अशी निरनिराळी कारणे सांगितली जातात. इन्क्विझिशनचे कारण लोकस्मृतीत सर्वांत ठळक आहे. स्थलांतर अनेक पिढ्या चालू राहिलेले असल्याने केवळ त्यावर भिस्त ठेवणे मात्र कठीण जाते. या कुटुंबांनी गोव्यातील चर्चशाळांची रीत बरोबर आणली. प्रार्थना तालावर पाठ करणे, दहा आज्ञा व संस्कारांची नावे म्हणणे आणि प्रश्नाला ठरलेले उत्तर देणे असे तिचे स्वरूप होते.

या रीतीचा छापील आधार म्हणजे इंग्रज जेझुइट (येशूसंघ या कॅथलिक धर्मसंघाचे सदस्य) थॉमस स्टीफन्स (मराठी वाचकांचे फादर स्टीफन्स) यांनी पोर्तुगीज नमुन्यावरून कोकणीत रचलेली प्रश्नोत्तरी. ती त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये रायतूर (राशोल) येथे छापली गेली. त्यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे मराठी क्रिस्तपुराण त्याआधी, १६१६ मध्ये, प्रसिद्ध झाले होते. मराठी वाङ्मयेतिहासात क्रिस्तपुराणाला मोठे स्थान मिळाले आणि प्रश्नोत्तरी मागे पडली. धर्मशिक्षणाच्या दृष्टीने मात्र क्रम उलटा लावावा लागतो. पुराण मोठ्यांनी ऐकायचे होते, तर प्रश्नोत्तरी मुलांनी म्हणायची होती. गोव्यात स्थानिक भाषेच्या वापरावर बंदी घालणारा १६८४ चा व्हाइसरॉयचा हुकूम निघाल्यावरही घरातील प्रार्थना कोकणीतच टिकल्या. घाटावरच्या कुटुंबांना तर तो हुकूम लागूही नव्हता.

दुसरे मत हा उगम रोमने विजापूरच्या आदिलशाही मुलखासाठी १६३७ मध्ये नेमलेल्या अपोस्टॉलिक व्हिकरपर्यंत (धर्मप्रांत नसलेल्या प्रदेशात पोपच्या वतीने कारभार पाहणारा अधिकारी) नेते. या पदावरील पहिले बिशप माथेउस दे कास्त्रो हे दिवाडी बेटावरचे गोमंतकीय ब्राह्मण ख्रिस्ती होते. पोर्तुगीज सत्तेशी त्यांचे उघड वैर होते आणि त्यांचे ठाणे आदिलशाही हद्दीतील डिचोलीला होते. बेळगाव त्या काळी आदिलशाहीतच होते. त्यामुळे कागदोपत्री हा प्रदेश त्यांच्या अधिकारात येतो, हे खरे. पण त्यांच्या कामाच्या खुणा डिचोलीच्या आसपास आणि तळकोकणात सापडतात, घाटमाथ्यावर नव्हेत. अधिकारक्षेत्राच्या नकाशावरून शिकवणुकीचा इतिहास काढण्याचा हा प्रकार जपूनच स्वीकारावा लागेल.

तिसरे मत इंग्रजी लष्करी छावणीशी निगडित आहे. १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती पडल्यावर तेथे छावणी वाढली. तिच्यात आयरिश कॅथलिक शिपाई होते, त्यांची मुले होती आणि चाकरीनिमित्त आलेले गोवेकर होते. १८५४ मध्ये मुंबईच्या व्हिकारियेटचे (अपोस्टॉलिक व्हिकरच्या अधिकारक्षेत्राचे) दोन भाग होऊन पुण्याचा भाग जेझुइटांकडे आला. त्याच वर्षी वूडच्या खलित्याने (भारतातील शिक्षणाविषयीच्या कंपनी सरकारच्या धोरणपत्राने) खाजगी शाळांना सरकारी अनुदान खुले केले. तपासनिसाने शाळेतील लौकिक विषय तपासावेत, धर्मशिक्षणात डोकावू नये, असे त्या खलित्याचे धोरण होते. बेळगाव कॅम्पातील सेंट पॉल्स हायस्कूलचे स्थापनावर्ष १८५६ मानले जाते. तिन्ही गोष्टी तीन वर्षांच्या आत घडतात. कॅथलिक मनुष्यबळ, सरकारी पैसा आणि धर्मशिक्षणात हस्तक्षेप न होण्याची हमी यांची अशी सांगड आधी बसलेली नव्हती.

वरील मते परस्परांना छेद देतात असे सहसा मांडले जाते. गावातील, चर्चच्या ओसरीवरची शिकवण आणि हायस्कुलाच्या वेळापत्रकातील तास हे वेगळे धरले, तर पेच बराच सुटतो. पहिली गोव्याकडून आली, दुसरा कॅम्पातून. चर्चप्रशासनाचा पुढचा इतिहासही याच बाजूने बोलतो. पोर्तुगालच्या पाद्रोआदो हक्काखालील (चर्चच्या नेमणुकांवरील राजाश्रयाचा हक्क) पाद्री आणि रोमच्या प्रोपागांडाने (मिशनकार्य पाहणारे रोमचे खाते) पाठवलेले मिशनरी यांचा झगडा १८३८ नंतर विकोपाला गेला. १८५७ व १८८६ च्या करारांनी तो निवळला आणि १८८६ मध्ये पुणे हा स्वतंत्र धर्मप्रांत (बिशपच्या अधिकाराखालील प्रदेश) झाला. १९५० मध्ये पोर्तुगालने भारतीय प्रदेशातील आपले हक्क सोडले. त्यानंतर १९ सप्टेंबर १९५३ रोजी बेळगाव धर्मप्रांत स्थापन झाला, तो गोवा आणि पुणे अशा दोन्हींकडचा प्रदेश जोडून. एकाच धर्मप्रांतात दोन वळणांची शिकवण आली, ती अशी.

अभ्यासक्रमाची चौकट रोमहून येते. पोप दहावे पायस यांच्या १९०५ च्या परिपत्रकाने प्रत्येक धर्मग्रामात (एका चर्चच्या हद्दीत, पॅरिशमध्ये) रविवारी तासभर मुलांना प्रश्नोत्तरी शिकवणे बंधनकारक केले. १९१० च्या आदेशाने पहिल्या कम्युनियनचे (मिस्सेतील पवित्र भाकर प्रथम घेण्याचे) वय साधारण सात वर्षांवर आणले. या दुसऱ्या आदेशाचा हायस्कुलावर झालेला परिणाम फारसा नोंदला जात नाही. पूर्वी कम्युनियनची तयारी किशोरवयात होई, ती आता प्राथमिक वर्गांत उरकू लागली. हायस्कुलाकडे दृढीकरणाची (बाप्तिस्म्याची श्रद्धा पक्की करणाऱ्या संस्काराची) तयारी राहिली आणि पाठांतराच्या पलीकडचे काही द्यावे लागेल, ही अडचणही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा) २८ ऑक्टोबर १९६५ रोजी शिक्षणविषयक घोषणापत्र काढले. १९६७ मध्ये बेंगळुरूला राष्ट्रीय पातळीवरचे बायबल, धर्मशिक्षण व उपासना केंद्र सुरू झाले. तेव्हापासून प्रश्नोत्तरीची जागा बायबलमधील प्रसंग, चर्चा आणि गटकार्य यांनी घेतली. बदलाची दिशा योग्य होती. जुन्या पिढीला मात्र उत्तरे आजही तोंडपाठ आहेत आणि नव्या पिढीला बहुधा नाहीत, ही तक्रार धर्मग्रामांत सर्रास ऐकू येते.

कॅथलिक शिक्षणविषयक रोमच्या १९८८ च्या दस्तऐवजाने शाळेतील धर्मशिक्षण आणि धर्मग्रामातील श्रद्धासंवर्धन यांत फरक केला. शाळेने श्रद्धेची ओळख करून द्यावी आणि ती जगायला धर्मग्रामाने शिकवावे, असा त्याचा मथितार्थ. सीमाभागात हा फरक दस्तऐवजाच्या आधीच, व्यवहाराच्या रेट्याने पडला होता, कारण शाळेत कॅथलिक मुले अल्पसंख्य असतात. वर्गात ती मोजकी असली की दोन-तीन तुकड्यांतील मुले एकत्र बसवतात. उरलेल्यांना त्याच वेळी मूल्यशिक्षण (बोलण्यात अजूनही ‘मॉरल सायन्स’) दिले जाते. शिकवणाऱ्या सिस्टर किंवा कॅथलिक शिक्षिका असतात. गणित वा इंग्रजी हा मूळ विषय असलेल्या शिक्षिकेकडे हा तास जादा म्हणून येतो. शिक्षक सिद्धान्तात पक्का, आचरणाने आदर्श आणि शिकवण्यात कुशल असावा, असे १९८३ च्या धर्मविधिसंहितेचे कलम ८०४ सांगते. वेळापत्रक लावताना यांतला तिसरा गुण सर्वांत आधी सोडून दिला जातो.

एसएसएलसी (कर्नाटकातील दहावीच्या) परीक्षेत या विषयाला गुण नसतात. दहावीच्या दुसऱ्या सत्रात तास आक्रसतो, हे ओघाने आलेच. त्याची भरपाई वर्षभराच्या उपक्रमांतून होते. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारची मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासना), ऑक्टोबरातील रोझरी (जपमाळेची प्रार्थना), ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात दर शुक्रवारी क्रुसाची वाट (येशूच्या क्रुसापर्यंतच्या वाटचालीचे स्मरण), वर्षातून एकदा रिट्रीट (प्रार्थना-चिंतनाचे शिबिर) आणि त्यात पापनिवेदन (धर्मगुरूपाशी पापांची कबुली) हे त्यांतले प्रमुख. संत पौलाच्या परिवर्तनाचा सण २५ जानेवारीला येतो. त्या संताच्या नावाच्या शाळेत सण आणि प्रजासत्ताक दिनाची तयारी एकाच आठवड्यात गाठ घालतात. जेझुइट शाळांत दिवसाच्या शेवटी काही मिनिटे शांत बसून आत्मपरीक्षण करण्याची इग्नेशियन (जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांची) पद्धतही वापरली जाते. तीत बिगरकॅथलिक मुलेही सहज सामील होऊ शकतात.

कायद्याची बाजू संविधानाच्या कलम २८ व ३० ने ठरते. पूर्णतः राज्याच्या निधीवर चालणाऱ्या संस्थेत धर्मशिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त वा अनुदानित संस्थेत ते देता येते, पण कोणालाही सक्ती करता येत नाही. विद्यार्थी अल्पवयीन असल्यास पालकाची संमती लागते. कलम ३० धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या संस्था चालवण्याचा हक्क देते. हे कलम सीमाभागात दोन अर्थांनी लागू होते, कारण कॅथलिक धार्मिक अल्पसंख्य आहेत आणि मराठी व कोकणी भाषकही कर्नाटकात भाषिक अल्पसंख्य आहेत. शाळांनी हक्क सांगितला तो प्रायः धर्माच्या नावाने. भाषेचा प्रश्न त्यांनी इंग्रजी माध्यमाच्या आड ठेवला.

तो प्रश्न धर्मशिक्षणाच्या तासाला मात्र टाळता येत नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने मुंबई राज्यातील बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले आणि शाळेच्या भाषा बदलल्या. घरातल्या प्रार्थना तिथेच राहिल्या. खानापूरकडचे मूल ‘आमच्या बापा’ आणि ‘नमान मरिये’ आजीकडून कोकणीत शिकते, बाजारात मराठी बोलते, शाळेत कन्नड सक्तीने शिकते आणि धर्मशिक्षणाचे पुस्तक इंग्रजीत वाचते. लिप्यांचा गुंता याहून अवघड आहे. गोव्याची प्रार्थनापुस्तके रोमी लिपीत येतात, मंगळूरची कन्नड लिपीत, तर मराठी पुस्तके पुणे, नगर आणि वसईकडून देवनागरीत. यांपैकी मराठीचा प्रवाह पुणे धर्मप्रांताच्या काळात बळकट झाला. जर्मन जेझुइट हेन्री डोरिंग यांनी १९०३ मध्ये सुरू केलेले निरोप्या मासिक हे त्याचे ठळक उदाहरण. डोरिंग पुढे पुण्याचे बिशप झाले आणि त्यामुळे बेळगावही त्यांच्या अधिकारात आले. १९५३ नंतर मराठी धर्मसाहित्याचा हा पुरवठा प्रशासकीय दृष्ट्या परक्या धर्मप्रांतातून येऊ लागला. उपासनेत मराठीला जागा राहिली, अभ्यासक्रमात ती कमी झाली. सीमाप्रश्नाच्या राजकीय लेखनात शाळा आणि पाट्या येतात, हा तपशील क्वचितच.

कर्नाटकाच्या २०२२ च्या धर्मस्वातंत्र्य हक्क संरक्षण कायद्याने प्रलोभनाच्या व्याख्येत धार्मिक संस्थेच्या शाळेतील मोफत शिक्षणाचाही समावेश केला. तो रद्द करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने जून २०२३ मध्ये घेतला. मधल्या काळात शाळांनी संमतिपत्रे आणि वेगळे बसवण्याची व्यवस्था अधिक काटेकोर केली असल्यास नवल नाही. एप्रिल २०२४ मध्ये भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने आपल्या शाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सकाळच्या प्रार्थनासभेत संविधानाची उद्देशिका म्हणावी, सर्व धर्मांसाठी प्रार्थनाकक्ष असावा आणि अन्य धर्मीय विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती प्रथा लादू नयेत, हा त्यांचा आशय. बहुसंख्य विद्यार्थी हिंदू असलेल्या सीमाभागातील शाळांत यातला शेवटचा मुद्दा जुन्या वहिवाटीला धरूनच होता.

कारवार, हलियाळ व लगतचा मुलूख १९७६ पासून स्वतंत्र कारवार धर्मप्रांतात मोडतो. तेथे सिद्दी (आफ्रिकी वंशाच्या) समाजातील कॅथलिकही असून त्यांची घरची बोली कोकणी वळणाची आहे. त्या भागातील धर्मशिक्षणात शाळेपेक्षा वसतिगृहाचा आणि गावोगाव फिरणाऱ्या कॅटेकिस्टचा (धर्मशिक्षकाचा) वाटा मोठा दिसतो.