ती हिरवी बुगाटी तिची नव्हतीच

टिळकवाडीतल्या माझ्या चित्रकलेच्या वर्गात भिंतीवर चित्रकार तमारा द लेम्पिका हिच्या १९२९ च्या आत्मचित्राची प्रत आहे. हिरव्या बुगाटी गाडीच्या स्टिअरिंगमागे बसलेली बाई. पाहणारा प्रत्येक जण ऐकीव गोष्ट सांगतो: ती स्वतःच्या गाडीत बसून स्वतःला रंगवत होती.

नाही. तिच्याकडे होती छोटी पिवळी रेनो. ‘डी डामे’ या जर्मन फॅशन मासिकाच्या मुखपृष्ठासाठी हे चित्र काढलं, आणि त्यात तिने आपल्याला हवी तशी बाई घडवली. मूळ चित्राची फळी जेमतेम ३५ बाय २७ सेंटिमीटरची, वहीच्या कागदापेक्षा जरा मोठी.

जवळ जाऊन स्कार्फ बघा. कापड वाऱ्यावर उडतंय, पण घड्या पत्रा वाकवल्यासारख्या कडक, धारदार. फ्रेंच चित्रकार आंद्रे लोत यांच्याकडे शिकलेला मवाळ घनवाद (क्युबिझम, म्हणजे वस्तू भौमितिक आकारांत मांडणारी शैली) तो हाच. टोपी, हातमोजे, गाडीचं दार, सगळं एकाच धातूचं वाटतं. मऊ काही नाहीच. ओठ तेवढे लाल.

रशियन क्रांतीनंतर पळून पॅरिसला आलेली ही बाई सुरुवातीला ‘लेम्पित्स्की’ अशी पुरुषी रूपातली सही करायची. बेळगाव की बेळगावी, कुठल्या कागदावर काय लिहायचं, हे २०१४ मध्ये शहराचं अधिकृत नाव बदलल्यापासून रोज ठरवणाऱ्या आम्हाला त्या सहीचं वजन लगेच कळतं. म्हणून पोरांना मी गाडीआधी सहीबद्दल सांगते.