कोकण रेल्वेचं पाणी : घालवण्याकडून राखण्याकडे

कोकणात रेल्वे आणि पाणी म्हटलं की डोळ्यांपुढे जुलै येतो. रुळावर आलेली दरड, बोगद्यात शिरलेला चिखल, कुठल्याशा स्टेशनात रात्रभर अडकून पडलेली गाडी. पाणीटंचाईचा एप्रिल कुणाला आठवत नाही. रेल्वेने पाणी जपून वापरावं हा विषय मात्र एप्रिलचा आहे, आणि तो इतका उशिरा का सुचला हे पाहायचं तर सुरुवात जुलैपासूनच करावी लागते.

घाटावरच्या जुन्या मार्गांना पाण्याची गरज पहिल्या दिवसापासून होती. वाफेचं इंजिन कोळशाइतकंच पाण्यावर चाले, म्हणून रेल्वेने तळी बांधली, बांध घातले. लोणावळ्याचं भुशी धरण त्याच गरजेतून झालं. कोकणात गाडी आली तोवर हा काळ सरला होता. कोकण रेल्वे महामंडळ १९९० साली स्थापन झालं, रोहा ते वीर हा टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला आणि २६ जानेवारी १९९८ रोजी सगळा मार्ग खुला झाला. इंजिनं डिझेलची होती, त्यांच्यासाठी तळी बांधायची गरज नव्हती. बांधणाऱ्यांपुढे पाणी आलं ते अडथळा म्हणूनच. सुमारे दोन हजार पूल आणि मोऱ्या, ९१ बोगदे, डोंगर कापून काढलेली खोल कटिंगं. पेडण्याच्या बोगद्यात मऊ, पाणी धरलेल्या मातीने कामगारांना वर्षानुवर्षं झुंजवलं.

पुढे २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. वर्षभरातच, जून २००४ मध्ये, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला अपघात झाला. या दोन घटनांनी कोकण रेल्वेचं पाण्याशी असलेलं नातं ठरवून टाकलं. कटिंगांचे उतार कमी केले गेले, जाळ्या लागल्या, डोंगरमाथ्यावरचं पाणी कटिंगात उतरण्याआधीच वळवणारे चर खणले गेले. उतार धरून ठेवायला वाळाही लावला. उन्हाळ्यात आपण माठात टाकतो तोच वाळा. त्याची मुळं माती घट्ट आवळून धरतात. पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक आलं. जोराच्या पावसात समोरचं दिसेनासं झालं की वेग ताशी ४० किलोमीटरवर आणायचा, हा नियम झाला. माणगाव, चिपळूण, रत्नागिरी, विलवडे, कणकवली अशा स्टेशनांवर पर्जन्यमापक बसले, तर सावित्री आणि वाशिष्ठीच्या पुलांवर पुराचा इशारा देणारी यंत्रणा. हे सगळं हवंच होतं. त्यातून माणसं वाचली आहेत. पण या व्यवस्थेत पाण्याचं करायचं ते एकच : पडलेलं पाणी लवकरात लवकर पऱ्ह्याला, म्हणजे ओढ्याला, आणि तिथून खाडीला लावणं.

पाणी राखायचा विचार बाहेरून आला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली. पहिल्या खेपेत दहा वाघिणी होत्या आणि पाच लाख लिटर पाणी. रेल्वे स्वतः किती पाणी वापरते हा प्रश्नही त्याच सुमारास ऐरणीवर आला, आणि २०१७ मध्ये भारतीय रेल्वेचं जलधोरण आलं : वापराची तपासणी, सांडपाण्यावर प्रक्रिया करून पुनर्वापर, पावसाचं पाणी साठवणं. तेव्हाचे रेल्वेमंत्री सुरेश प्रभू, एकेकाळचे राजापूरचे खासदार. डबे धुणारी स्वयंचलित यंत्रं वापरलेलं पाणी गाळून पुन्हा घेतात. व्हॅक्यूम पद्धतीच्या शौचालयाला एका वेळी सुमारे अर्धा लिटर पाणी पुरतं; साध्या शौचालयाला दहा ते पंधरा लिटर लागतं.

कोकणात मात्र धोरणातला एक शब्द जपून वापरावा लागतो, तो म्हणजे पुनर्भरण, म्हणजे पाणी जमिनीत मुरवणं. देशावर शोषखड्डा खणला तर मुरलेलं पाणी बऱ्याच अंशी विहिरीला लागतं. इथला जांभा पाणी पितो तसाच सोडूनही देतो. आषाढात मुरलेलं पाणी दिवाळीच्या आगेमागे झऱ्यांवाटे निघून जातं, आणि तीन हजार मिलिमीटर पाऊस झेललेल्या खेड-चिपळूणच्या वाड्यांवर मे महिन्यात टँकर चढतो. त्यात कटिंगाच्या माथ्यावर पाणी मुरवणं म्हणजे दरडीला आमंत्रण. तेव्हा इथे साठवणीच्या टाक्याच हव्यात. हिशेब सोपा आहे : शंभर चौरस मीटरच्या पत्र्यावर तीन हजार मिलिमीटर पाऊस पडला तर तीन लाख लिटर पाणी होतं. प्लॅटफॉर्मवरचे पत्रे त्याहून कितीतरी मोठे, आणि त्यांच्या पागोळ्या आज बहुतेक गटारातच जातात. घरची आगोट, म्हणजे पावसाळ्यापुरती साठवण, आपण मृगाआधी भरतो. पाण्याची आगोट भरायची ती भर पावसात, आणि उघडायची फाल्गुनानंतर. तेवढ्या आकाराच्या टाक्यांना जागा आणि पैसा लागतो, म्हणून बोगद्यांतून आणि कटिंगांच्या चरांतून पावसाळा संपल्यावरही ज्या ठिकाणी पाणी झिरपत राहतं, तिथे किती येतं आणि कोणत्या महिन्यापर्यंत येतं याची मोजणी आधी व्हायला हवी, म्हणजे तेवढी टाकी लहान बांधता येईल. पाऊस मोजायची सवय या रेल्वेला आहेच.