धुळे रेल्वे स्थानक

मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागातील चाळीसगाव–धुळे या शाखामार्गाचे अखेरचे स्थानक. धुळे हे जिल्ह्याचे मुख्यालय; मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन मोठे रस्ते इथेच एकमेकांना छेदतात. रेल्वेच्या नकाशावर मात्र हे शहर मुंबई–भुसावळ मुख्य मार्गापासून सुमारे 56 किलोमीटर बाजूला पडलेले आहे. स्थानकाच्या इतिहासातल्या बहुतेक गोष्टींचे मूळ या अंतरात सापडते.

1818 मध्ये खान्देश इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्जने कारभारासाठी धुळे निवडले, ते रस्त्यांची सोय पाहूनच. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने 1860च्या दशकात खान्देशात रूळ टाकले तेव्हा ते आग्रा रोडने आले नाहीत. मनमाडहून नांदगावमार्गे चाळीसगाव आणि तिथून पुढे पाचोरा, जळगाव, भुसावळ असा मार्ग ठरला. कापसाची बाजारपेठ जळगावला वाढली, भुसावळ रेल्वेचे गाव झाले आणि कलेक्टर कचेरी असलेल्या धुळ्याला बैलगाडीने चाळीसगाव गाठण्याची वेळ आली. 1906 मध्ये खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तेव्हा पूर्वेचे मुख्यालय जळगावला गेले, यात रेल्वेचा वाटा लहान नसावा.

चाळीसगाव–धुळे फाटा 1900 मध्ये सुरू झाला. चाळीसगाव सोडल्यावर गाडी गिरणा ओलांडते. जामदा, राजमाने, शिरूड, बोरविहीर अशी लहान स्थानके घेत ती पांझराकाठच्या धुळ्यात येते. मार्ग एकेरी असल्याने गाड्यांची संख्या पहिल्यापासून बेताची राहिली. मुंबईचा प्रवासी चाळीसगावला उतरून मुख्य मार्गावरच्या गाडीची वाट पाही. धुळ्याहून निघालेले काही डबे चाळीसगावला मुंबईकडच्या गाडीला जोडण्याची पद्धतही बरीच वर्षे होती. अशा डब्यात जागा मिळाली की मध्यरात्री बोचकी उचलून फलाट बदलण्याची दगदग वाचे.

या फाट्याशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातला एक प्रसंग जोडलेला आहे. 1929 मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून ते खान्देशात आले होते. अस्पृश्यांवर बहिष्कार टाकलेल्या एका गावाची चौकशी करण्यासाठी ते चाळीसगावहून धुळ्याच्या गाडीने गेले आणि काम आटोपून गाडीनेच परतले. चाळीसगाव स्थानकावर अस्पृश्य समाजातली मंडळी हार घेऊन उभी होती. वस्ती दोनेक मैलांवर, वाटेत नदी. टांगा मिळायला खूप वेळ लागला, कारण अस्पृश्याला बसवून टांगा हाकणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटत होते. शेवटी एकाने टांगा भाड्याने दिला, हाकायला मात्र नकार दिला. लगाम हातात घेतला तो वस्तीतल्याच एकाने, ज्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. नदीवरच्या फरशीवर टांगा कलंडला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले. घोडा टांग्यासकट नदीत पडला. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. रेल्वेचे तिकीट कोणालाही मिळत होते. स्थानकाच्या बाहेर पाऊल टाकले की जात पुन्हा आडवी येत होती.

शेवटचे स्थानक असल्याचा एक त्रास रेल्वेला रोजचा होता. गाडी धुळ्यात आली की इंजिन सोडवायचे, शेजारच्या रुळावरून फिरवून दुसऱ्या टोकाला आणायचे, पुन्हा जोडायचे आणि मगच परतीचा झेंडा. दोन्ही टोकांना चालकाची केबिन असलेली, विजेवर चालणारी मेमू गाडी आल्यावर हा खटाटोप उरला नाही. चालक आणि गार्ड फक्त जागा बदलतात. मार्गाचे विद्युतीकरण झाल्यावर 2021च्या अखेरीस इथे मेमू धावू लागली. तिच्या फेऱ्या हीच स्थानकाची मुख्य सेवा. नोकरदार, विद्यार्थी, दवाखान्याच्या कामासाठी निघालेली खेड्यातली माणसे तिने अप-डाउन करतात. डब्यात अहिराणी सर्रास ऐकू येते. एसटीपेक्षा तिकीट स्वस्त, त्यामुळे पासधारकांना गाडीची वेळ बदललेली अजिबात खपत नाही.

मुंबईसाठी स्वतंत्र गाडी मिळायला 2023 साल उजाडले. आधी धुळे–दादर अशी आठवड्यातून तीन दिवस धावणारी एक्स्प्रेस सुरू झाली; पुढे ती रोजची झाली आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत जाऊ लागली. सुरतेकडे जायचे असेल तर धुळेकर आजही रस्त्याने नरडाण्याला जाऊन पश्चिम रेल्वेची गाडी धरतात.

मनमाड–इंदूर मार्गाची मागणी खान्देशात कित्येक निवडणुकांपासून ऐकू येत होती. त्यातल्या बोरविहीर–नरडाणा या सुमारे 50 किलोमीटरच्या टप्प्याची पायाभरणी फेब्रुवारी 2019 मध्ये झाली. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मालेगाव, धुळे, शिरपूर, सेंधवा या भागातून जाणाऱ्या 309 किलोमीटरच्या संपूर्ण प्रकल्पाला मंजुरी दिली. त्याचा अंदाजित खर्च 18,036 कोटी रुपये आहे.