जुना लॅपटॉप बदलण्याआधी

‘लॅपटॉप फार हळू झालाय, आता नवीनच घ्यावा का?’ हा प्रश्न आम्हा लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्यांना रोज ऐकू येतो. त्यावर आम्ही आधी एवढंच विचारतो, की आत फाइली साठवायला जुन्या प्रकारची हार्ड डिस्क आहे की नव्या प्रकारची एसएसडी? माहीत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स भागात डिस्कचा प्रकार दिसतो. तिथे एचडीडी (म्हणजे हार्ड डिस्क) लिहिलं असेल आणि काही न करताही डिस्कचा वापर १०० टक्क्यांवर अडकलेला असेल, तर दुखणं बहुधा तिथेच आहे.

हार्ड डिस्कमध्ये खरोखरची तबकडी फिरते, लॅपटॉपमध्ये बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे. प्रत्येक फाइलसाठी वाचणारं टोक योग्य जागी सरकावं लागतं आणि विंडोज सुरू होताना अशा हजारो छोट्या फाइली लागतात. एसएसडीत हलणारा भागच नाही, त्यामुळे शोधाशोधीचा वेळ जवळजवळ उरत नाही. जुन्या लॅपटॉपला एकच गोष्ट करायची असेल, तर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवा.

त्यानंतर रॅम, म्हणजे चालू कामासाठीची मेमरी. ४ जीबीवर ब्राउझरचे पाच-सहा टॅब उघडले की मशीन धापा टाकू लागतं. ८ जीबीवर रोजचं काम निवांत होतं. मात्र रॅमचे प्रकार वेगळे असतात: डीडीआर३ च्या जागी डीडीआर४ बसत नाही, दोन्हींची खाच वेगळी असते. काही पातळ मॉडेलमध्ये तर रॅम मदरबोर्डवरच (मुख्य सर्किटवर) सोल्डर केलेली असते, ती वाढवता येत नाही. म्हणून मॉडेल नंबर पाहिल्याशिवाय सुटा भाग विकत घेऊ नका.

लॅपटॉप तापून मंद होत असेल तर आधी पंख्यातली धूळ काढून प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट बदलून पाहा. प्रोसेसर तापला की तो स्वतःच वेग कमी करतो.

बॅटरी फुगली असेल, टचपॅड वर उचलला गेला असेल, तर वापर तिथेच थांबवा. चार्जिंगला लावू नका, दाबू नका, स्वतः उघडू नका. लिथियम बॅटरीला छिद्र पडलं तर ती पेट घेऊ शकते.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची अंगभूत सोय) आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. तुमचा त्याहून जुना असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमचा विचार जरूर करा. ब्राउझर, ईमेल, पत्रलेखन यांसाठी ते पुरेसं आहे.

मदरबोर्ड बिघडला असेल किंवा बिजागरी तुटून स्क्रीनही गेली असेल, तर त्यावर खर्च करू नका, असं आम्ही स्वतःच सांगू.

काम द्यायला येताना चार्जर सोबत आणा. फोटो आणि कागदपत्रांची एक प्रत आधीच बाहेरच्या डिस्कवर घेऊन ठेवा. आम्ही डेटा जपूनच हलवतो, पण जुनी डिस्क कधी दगा देईल हे कुणालाच सांगता येत नाही.