प्रतिकारस्मृती

विषाणूजन्य आजारातून माणूस बरा झाला तरी त्या विषाणूची ओळख शरीरातल्या काही पांढऱ्या पेशी वर्षानुवर्षे जपून ठेवतात. या ओळखीला प्रतिकारस्मृती म्हणतात. ‘गोवर एकदाच निघतो’ हे खानदेशातल्या घराघरांत ऐकू येणारे वाक्य त्या पेशींच्याच जोरावर खरे ठरते. देवीची साथ असे तेव्हा दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधत. पण रोग्याजवळ निर्धास्त बसू शके ते तोंडावर देवीचे वण असलेले माणूसच.

आजार भरात असताना त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी आणि बी या दोन जातींच्या पांढऱ्या पेशी भराभर वाढतात. ताप उतरला की बहुतेक मरतात. टी पेशींपैकी शेकडा ५ ते १० मागे उरतात, त्या स्मृतिपेशी. बी पेशींपासून झालेल्या काही प्लाझ्मा पेशी अस्थिमज्जेत ठाण मांडून प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला चिकटून त्याला अडवणारी प्रथिने, पाझरत राहतात. रक्तातली प्रतिपिंडे कालांतराने घटतात. कोविडनंतर तसा अहवाल हाती पडून धसका घेतलेले पुष्कळ भेटतील. पण प्रतिपिंडे घटली म्हणजे स्मृती पुसली असे नव्हे.

१८४६ साली उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर गोवराची साथ आली, तेव्हा १७८१ च्या साथीत गोवर निघालेल्या म्हाताऱ्यांना तो पुन्हा झाला नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झातून वाचलेल्यांच्या रक्तात ९० वर्षांनीही त्या विषाणूला ओळखणाऱ्या बी पेशी सापडल्या. तरी फ्लू पुन्हापुन्हा होतो, कारण तो रूप पालटतो. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एकाची स्मृती दुसऱ्या प्रकाराच्या वेळी उलटूही शकते आणि दुखणे वाढते. गोवराचे आणखी वेगळे: स्वतःची आठवण पक्की ठेवतो, पण इतर रोगांच्या स्मृतिपेशी मारतो. म्हणून तो अंगावर काढण्यापेक्षा लस बरी.

कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत दडून राहतो. वय झाले की टी पेशींचा पहारा सैल पडतो आणि कमरेवर किंवा छातीवर नागीण उठते. तिचा विळखा पुरा झाला की माणूस दगावतो, ही समजूत खोटी आहे. विषाणू ज्या मज्जातंतूवाटे कातडीपर्यंत येतो तो एकाच बाजूचा असतो, त्यामुळे पुरळ सहसा मध्यरेषेपाशीच थांबते.

वनस्पतींत अशा फिरत्या स्मृतिपेशी नसतात. रावेर-यावलकडे केळीवर हरण्या हा विषाणूजन्य रोग दिसला, की शेतकरी झाड बरे होण्याची वाट पाहत नाही. मुळासकट उपटून बागेबाहेर नष्ट करतो.