मेडिसिन बॉल (व्यायामासाठी फेकायचा-झेलायचा वजनदार चेंडू) जितका जड, तितका ठोसा जोरदार? नाही!

कराटे-बॉक्सिंगच्या क्लासमध्ये वर्षानुवर्षं हेच ऐकू येतं, आणि ते चूक आहे. ठोशाचा जोर पायातून निघतो, कमरेच्या वळणातून खांद्यात येतो. त्यात वेग महत्त्वाचा. बॉल इतका जड असेल की फेकताना हात रेंगाळतो, तर सराव संथपणाचाच होतो. भिंतीवर फेकायला बहुतेकांना २ ते ५ किलो पुरतात. नवख्यांनी २ पासूनच सुरुवात करावी. जड बॉल स्क्वॉटसाठी (उठाबशांसाठी) ठेवा.

घरी बॉल बनवणारे इथेच फसतात. ७ नंबरच्या जुन्या बास्केटबॉलमध्ये कोरडी वाळू गच्च भरली, की वजन जातं ११ किलोच्या आसपास! अर्धाच भरला तर वाळू आत सरकते आणि झेलताना मनगट मुरगळू शकतं. म्हणून ३ किलो वाळू काट्यावर मोजा, छोट्या पिशव्यांत घट्ट बांधा, बॉलला चीर देऊन मधोमध बसवा आणि चारही बाजूंनी चिंध्या ठासून भरा. चीर जाड दोऱ्याने शिवून वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवा. हा बॉल फेकण्या-झेलण्यापुरताच; जमिनीवर आपटलात तर शिवण उसवेल. उसळणारा रबरी बॉलही आपटू नका, तो थेट तोंडावर येऊ शकतो. आपटण्यासाठी न उसळणारा बॉल विकतच घ्या.